कालुंदराच्या टाकीला शेवाळाचा स्क्रबर: म्हापशातलं एक प्रकरण

टाकी माझ्या मावसभावाची. म्हापशाच्या वेशीवर घर, बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून तीन फुटी काचेची टाकी: 90 सेंटिमीटर लांब, 45 रुंद, 45 उंच. काठोकाठ भरली तर 182 लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी 160 लिटर. आत पाच कालुंदर आणि नारंगी क्रोमाइडची टोळी. कालुंदर म्हणजे केरळातला करीमीन, शास्त्रीय नाव एट्रोप्लस सुराटेन्सिस. दादाच्या ओळखीच्या एकाने मानशीचा, म्हणजे खाडीकाठच्या बांधातल्या पाणी-दारावरच्या मासेमारीचा, लिलाव घेतला होता, त्याच्या जाळ्यात आलेली बारकी पिल्लं त्याने जिवंत आणून दिली. वर्षभरात ती हाताच्या पंजाएवढी झाली आणि तिथूनच कटकट सुरू झाली.

हे मासे खाडीचे, म्हणून टाकीतलं पाणी निमखारं ठेवलेलं. घनता 1.005, म्हणजे लिटरमागे साधारण 8 ते 9 ग्रॅम समुद्री मीठ. त्यामुळे पाणी बदलणं हे गोड्या पाण्याच्या टाकीसारखं नळी लावून मोकळं होण्याचं काम नाही. दर आठवड्याला 40 लिटर अस्नोड्याचं नळाचं पाणी भरायचं, त्यातला क्लोरीन घालवायचा, साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, हायड्रोमीटर बुडवून घनता पाहायची आणि मग बादल्या उचलायच्या. आगरातलं जाडं मीठ वापरून पैसे वाचतील असं दादाच्या मनात होतं. ते मी सोडायला लावलं. मिठागरात मीठ धरतं तेव्हा चुना आधीच खाली बसलेला असतो आणि मॅग्नेशियम मागे राहिलेल्या कडू पाण्यात जातं. हाती येतं ते बहुतेक नुसतं सोडियम क्लोराइड. जेवणाला उत्तम, टाकीला अपुरं.

एवढं करूनही काच दोन दिवसांत हिरवी व्हायची, पाण्यावर पिवळट झाक होती आणि कालुंदर पूर्वीसारखे उसळून खायला येत नव्हते. दादाचं निदान ठरलेलं: फिल्टर छोटा पडतो, मोठा कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्यातला फिल्टर, घ्यावा. दुकानदाराचंही तेच म्हणणं, आणि ते का ते सांगायला नको.

मी टेस्ट किट घेऊन गेलो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 80 च्या रंगाला टेकलेलं, पीएच 6.8. निमखाऱ्या पाण्याला 6.8 फार खाली. पण पहिले दोन आकडे सांगत होते की फिल्टर आपलं काम चोख करतो आहे. माशांच्या गिल्समधून आणि विष्ठेतून निघालेला अमोनिया बॅक्टेरिया नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि तिथे त्यांचं काम संपतं. मोठा कॅनिस्टर आणला असता तर त्याने हेच नायट्रेट आणखी तत्परतेने बनवलं असतं. वर प्रत्येक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे या क्रियेत सुमारे 7 मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, खर्च होते. आपलं जांभ्या दगडाच्या मुलखातलं पाणी मुळात मऊ, क्षारता थोडी. पीएच का उतरला याचं उत्तर तेच.

मग कागद घेतला. हा हिशेब सविस्तर देतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टाकीत रोज 2 ग्रॅम कोरडं खाद्य पडत होतं. डब्यावर प्रथिनं 40 टक्के लिहिलेली. प्रथिनात 16 टक्के नायट्रोजन. म्हणजे ग्रॅममागे 64 मिलिग्रॅम, दोन ग्रॅमला 128. चौथा हिस्सा माशांच्या अंगी लागतो असं धरू, उरले 96. नायट्रोजनचा नायट्रेट झाला की वजन 4.43 पट होतं: 425 मिलिग्रॅम. ते 160 लिटरमध्ये वाटलं की रोज 2.65, आठवड्याला 18.6 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). आता दर आठवड्याला पाव पाणी बदललं तर नायट्रेट कुठे थांबेल? जिथे पाव हिस्सा म्हणजेच 18.6 होतो तिथे. 74. किटच्या रंगांच्या कार्डावर 40 आणि 80 यांच्या मधला रंगच नाही, तेव्हा 74 ला ते 80 च दाखवणार.

दादा, तू बादल्या उचलतोस त्या योग्यच आहेत, पण त्या आयुष्यभर उचलल्यास तरी आकडा सत्तरीच्या खाली यायचा नाही, असं मी त्याला सांगितलं. अर्धं पाणी बदललं तर 37 वर येईल. त्याच्या कंबरेकडे पाहता तो मार्ग बंदच होता.

उरले तीन पर्याय. खाद्य कमी करणं हा पहिला, तो तर करायचाच होता. वनस्पती लावणं दुसरा, पण दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पाणवनस्पती 1.005 ला माना टाकतात, आणि काही जगल्या तर कालुंदर त्या चरून टाकतो. तो मुळात शेवाळ-पाला खाणारा मासा. तिसरा पर्याय म्हणजे काचेवर माजणारं शेवाळ आपल्याला हवं तिथे, टाकीबाहेर माजवायचं आणि खरवडून फेकायचं. अल्गी स्क्रबर.

कल्पना जुनी आहे. वॉल्टर एडी या अमेरिकन शास्त्रज्ञाने स्मिथसोनियन संस्थेत प्रवाळखडकाच्या टाक्या अशाच चालवल्या आणि 1982 मध्ये तिचं पेटंट घेतलं. उथळ तबकात जाळी, वर झगझगीत दिवे, आणि भरली की आपोआप कलंडणारी बादली लाटेसारखं पाणी सोडणार. अॅरिझोनातल्या बायोस्फिअर 2 च्या बंदिस्त समुद्रालाही हेच स्क्रबर लावले होते. घरगुती टाकीवाल्यांनी पुढे कलंडणारी बादली काढून टाकली आणि जाळी उभी टांगली: वर फट पाडलेला पाइप, त्यातून जाळीच्या दोन्ही बाजूंनी पाण्याचा पातळ पडदा, दोन्हीकडून दिवे.

जाळी केवढी, हा कळीचा प्रश्न. हौशी मंडळींचा नियम असा, की गोठवलेल्या खाद्याच्या रोजच्या एका क्यूबमागे 75 चौरस सेंटिमीटर जाळी, दोन्ही बाजूंनी उजळलेली. त्याने दादाच्या टाकीला बरीच लहान जाळी पुरली असती. मला तो नियम आशावादी वाटतो. चांगल्या उजेडात शेवाळ दर चौरस मीटरला दिवसाला 15 ग्रॅम कोरडं वाढतं असं धरलं, आणि कोरड्या शेवाळात 4 टक्के नायट्रोजन, तर 25 बाय 25 ची जाळी, म्हणजे दोन्ही बाजू मिळून 1250 चौरस सेंटिमीटर, रोज 1.9 ग्रॅम शेवाळ आणि त्यातून 75 मिलिग्रॅम नायट्रोजन काढेल. खाद्य 2 ग्रॅमवरून दीड ग्रॅमवर आणलं की निघणारं नायट्रोजन 72. जमलं. 25 बाय 25 ठरली.

बांधणीत पैशापेक्षा हात जास्त लागले. भरतकामाची प्लास्टिक कॅनव्हास ऑनलाइन मागवली. मच्छरदाणीची जाळी चालत नाही, तिची भोकं बारीक आणि ती लुळी. कॅनव्हास गुळगुळीत असते, त्यावर शेवाळ धरत नाही, पहिल्याच धारेला सुटून येतं. म्हणून फळीवर खिळवून हॅक्सॉच्या पात्याने दोन्ही बाजू आडव्याउभ्या खरवडल्या, इतक्या की बोट फिरवलं तर काटे टोचावेत. इथे आळस केला तर बाकीचं सगळं फुकट.

फट पाडायला एक युक्ती आहे. पाऊण इंची पीव्हीसी पाइपला 3 मिलिमीटरची, 25 सेंटिमीटर लांब, सरळ फट हवी. एका पात्याने एक मिलिमीटरच कापलं जातं. तीन पाती एकमेकांना चिकटपट्टीने बांधली की एकाच फेरीत हवी तेवढी फट पडते. पाइपवर आधी पेन्सिलने रेघ मारून घ्यायची, आणि पाइप दाराच्या चौकटीला दोरीने आवळायचा म्हणजे फिरत नाही. कडेचे पीव्हीसीचे केस सँडपेपरने काढले नाहीत तर पाण्याचा पडदा तिथे फाटतो आणि खाली जाळी कोरडी राहते.

पंप 2000 लिटरचा लिहिलेला घेतला. जाळीच्या दर सेंटिमीटर रुंदीला तासाला 50-52 लिटर पाणी हवं, म्हणजे 25 सेंटिमीटरला 1300. खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो; टाकीच्या वर पाऊण मीटर चढवलं की तो बराच उतरतो. पाइप जिथे बसणार त्या उंचीला धरून बादली मोजली: 10 लिटर 27 सेकंदांत. म्हणजे तासाला 1330. पुरे.

टाकीला खाली सम्प (फिल्टरची दुसरी टाकी) नाही, त्यामुळे स्क्रबर टाकीच्या मागच्या काठावर, लाकडी फळीवर बसवला. पारदर्शक प्लास्टिकचा धान्याचा उभा डबा, त्यात जाळी टांगलेली, तळाला टँक निपल लावून 40 मिलिमीटरचा पाइप परत टाकीत. दुसरं टँक निपल 5 सेंटिमीटर वर. शेवाळाचा झुबका सुटून खालचं तोंड बुजलं तर पाणी वरच्याने जावं, बैठकीच्या खोलीत नव्हे. हे दुसरं भोक पाडायला दादा तयार नव्हता, डब्याचा नाश होतो म्हणे. ते नसेल तर मी जोडणार नाही म्हटल्यावर पाडलं.

दिवे डब्याबाहेर, दोन बाजूंना एकेक 20 वॉटचा लाल-निळा ग्रो लाइट. लाल 660 नॅनोमीटरचा असला की शेवाळ त्यावर चांगलं धरतं. डब्याबाहेर ठेवण्याचं कारण वेगळं आहे. खाऱ्या पाण्याचे तुषार आणि आपल्या हवेतला दमटपणा मिळून कुठलाही होल्डर वर्षभरात हिरवा करतात. वायरी प्लगच्या खाली झोळ घेऊन मग वर नेल्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाशी ठिबकतं, सॉकेटमध्ये जात नाही. बोर्डाला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) होताच. नसता तर आधी तो बसवून घेतला असता.

शिगम्याच्या आधी यंत्र सुरू झालं. दिवे रात्री 9 ते सकाळी 9. टाकीचा दिवा बंद असताना शेवाळ जागं ठेवायचं, म्हणजे रात्री पाण्यात साचणारा कार्बन डायऑक्साइड ते ओढून घेतं आणि पहाटे पीएच कोसळत नाही. रस्त्यावरून पाहिलं की खोली गुलाबी दिसायची. शेजारी विचारून गेले, आणि वहिनींनी दोनच दिवसांत जुन्या फ्लेक्स बॅनरचे तुकडे पांढरी बाजू आत करून डबा आणि दिवे दोन्हींभोवती गुंडाळले. त्याने उजेडही आत परतला आणि टाकीच्या काचेवर पडायचा थांबला, हे अधिकचं.

बीज म्हणून मानशीजवळच्या दगडावरचं हिरवं शेवाळ चिमूटभर आणून, नळाखाली धुऊन जाळीवर चोळलं होतं. तरी आधी आलं ते तपकिरी, बुळबुळीत. डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. हे येतंच, हलक्या हाताने धुऊन टाकायचं आणि वाट पाहायची. मग हिरवी लव, मग केसांसारख्या बारीक पोकळ नळ्या. खाडीत उल्वा या प्रजातीचं जे शेवाळ दिसतं त्याच्याशी ते जुळतं. रंग पाहून बरंच कळतं: काळपट असेल तर उजेड कमी किंवा पाण्यात पोषण फार, पिवळट असेल तर उलट.

या काळात दादाने जुना स्पंज फिल्टर काढायची घाई चालवली होती, आता दोन यंत्रं कशाला म्हणून. काढू दिला नाही. कोवळ्या जाळीच्या भरवशावर अमोनिया सोपवणं म्हणजे मासे पणाला लावणं. स्पंज आजही आहे. त्याचा जोर कमी केला एवढंच. पीएचसाठी तिसऱ्यांची उकडून वाळवलेली कवचं ठेचून जाळीच्या पिशवीत घालून ठेवली. नायट्रेट ओढताना शेवाळही थोडी क्षारता परत देतं. दोन्ही मिळून पीएच 7.8 ला येऊन स्थिरावला.

नायट्रेट 80 वरून 40 वर आलं. पाणी बदलणं 40 लिटरवरून 24 वर, म्हणजे 15 टक्क्यांवर आणलं. दादा खूश. आणि मग आकडा 40 वरच बसला. मे उजाडला तरी हलेना.

मी जाळी पाहिली तर ती दाट, हिरवीगार. दर दहा दिवसांनी दादा ती सिंकमध्ये नेऊन जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडायचा, तळाचा पातळ थर राहू द्यायचा, नळाखाली धुवायचा म्हणजे शेवाळ खाणारे बारीक किडे मरतात. सगळं बरोबर. खरवडलेला लगदा पिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: 190 ग्रॅम. वाळल्यावर दशांश उरतो, 19 ग्रॅम. त्यातला 4 टक्के नायट्रोजन म्हणजे दिवसाला 76 मिलिग्रॅम. कागदावरच्या अंदाजाला तंतोतंत. मग नायट्रेट उतरत का नाही?

“हे सगळं कुठे टाकता?” मी विचारलं.

“टाकायचं कशाला, भाऊजी?” वहिनी म्हणाल्या. “अर्धं माडाला जातं, अर्धं यांनाच घालते. बघा तरी कसे तुटून पडतात.”

आणि लगद्याचा एक गोळा त्यांनी टाकीत सोडला. पाच कालुंदर चहूकडून आले, गोळ्याचे लचके तोडले, एकमेकांच्या तोंडातले धागे ओढले. मिनिटाभरात पाण्यात दोनचार हिरव्या काड्या तरंगत होत्या, त्या क्रोमाइडनी टिपल्या. इतक्या आवडीने ते गोळीखाद्य कधीच खात नव्हते. आणि पंधरा मिनिटांनी प्रत्येक माशामागे हिरवी शेपटी लोंबत होती.

हिशेब पुन्हा मांडला. रोज 72 मिलिग्रॅम नायट्रोजन पाण्यात येतं, शेवाळ 76 ओढतं, पण निम्मं परत टाकीत. बाहेर जातं 38. शिल्लक 34, म्हणजे आठवड्याला साडेसहा पीपीएम नायट्रेट. 15 टक्के पाणी बदलून ते 44 ला थांबणार. शेवाळातलं थोडं माशांच्या अंगी लागत असणार, ते मी सोडून दिलं आहे, आणि 4 टक्के हाही ढोबळ आकडा. तरी कार्ड 40 म्हणतं आणि कागद 44, याहून जास्त मेळ घरगुती किटकडून मागू नये.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, असंच असतं, फक्त तिथे मानस आहे. भरतीबरोबर आत आलेलं पोषण शेवाळ घेतं, शेवाळावर कालुंदर वाढतो, आणि ओहोटीला मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडून म्हापशाच्या बाजारात जातो. टाकीला तसं दार नाही. जे आपण उचलून बाहेर नेऊ तेवढंच गेलं.

यावर सरधोपट सल्ला असा की शेवाळ माशांना घालू नका. मला तो पटत नाही. टाकीत नायट्रोजन बाहेरून येतो तो फक्त गोळ्यांच्या डब्यातून. शेवाळात जो आहे तो आधीच टाकीत होता. तेव्हा चूक शेवाळ घालण्यात नव्हती, ते गोळ्यांच्या वर घालण्यात होती. शाकाहाराकडे कल असलेल्या या माशाला 40 टक्के प्रथिनांची गोळी रोज हवीच कशाला? शेवाळ निम्मं देत राहा, आणि गोळ्या दीडवरून एक ग्रॅमवर आणा, असं ठरलं. त्यातही बऱ्याचशा क्रोमाइडसाठी. ते शेवाळावर निभावत नाहीत.

एक ग्रॅमला येणारा नायट्रोजन 48, बाहेर 38. कागदाप्रमाणे नायट्रेट 13 ला थांबायला हवं. जून संपता संपता कार्ड 10 आणि 20 च्या मधला रंग दाखवू लागलं. काच आता आठवड्याला एकदा पुसली तरी चालते. पिवळी झाक मात्र पुरती गेली नाही, ती फाटलेल्या शेवाळातून पाण्यात उतरणाऱ्या द्रव्यांची. महिन्याला मूठभर अॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी बदलली की उतरते.

पहिल्या पावसाच्या वादळात वीज गेली ती दुसऱ्या दिवशी आली. पंप इन्व्हर्टरवर आहे, दिवे नाहीत, आणि ते ठीकच. एखादी रात्र अंधारात काढली म्हणून शेवाळ मरत नाही. पाणी थांबलं तर मरतं. पावसाळ्यात दमट हवेने जाळी काही तास ओली राहते, पण एप्रिलच्या दुपारी ती बघता बघता वाळेल, आणि मग तोच मेलेला थर कुजून सगळं नायट्रोजन टाकीत ओतेल. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी याचा विचार आधी करावा. पंप थांबला की डब्यातलं पाणी टाकीत उतरतं, त्यासाठी टाकीत दोन बोटं जागा रिकामी ठेवली आहे.

वाफही वाढली आहे. पाण्याचा पडदा दिवसभर हवेत पडत राहतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या वाऱ्यात पातळी भराभर उतरेल. उतरलेलं पाणी गोड्यानेच भरायचं. मीठ वाफेबरोबर जात नाही. दादाने एकदा मिठाच्या पाण्याने भरपाई केली आणि हायड्रोमीटर 1.007 ला गेला. कालुंदराला त्याचं काही वाटलं नाही, खाडीचा मासा तो.

खर्चाचं म्हणाल तर सामान फारसं नाही, वीज आहे. पंप 35 वॉटचा अहोरात्र, दिवे 40 वॉटचे बारा तास: महिन्याला 40 युनिट. ज्याची टाकी गोड्या पाण्याची आहे, मासे थोडे आहेत आणि नळी लावून पाणी बदलता येतं, त्याला मी स्क्रबर सुचवणार नाही. पॉथॉसची (मनी प्लांटची) वेल मुळं पाण्यात सोडून ठेवली तरी त्याचं भागेल. इथे मीठ, बादल्या आणि कंबर या तिन्हींनी पारडं फिरवलं.

एक गोष्ट स्क्रबरच्या हातात नाही. कालुंदर वीस सेंटिमीटरच्या पुढे सहज जातो, आणि तीन फुटांत पाच मोठे कालुंदर मावणार नाहीत, पाणी कितीही स्वच्छ असो. दादाने तव्याचा विषय काढून पाहिला, तो वहिनींनी तिथल्या तिथे मिटवला. चवथीनंतर दोन मासे एका ओळखीच्यांच्या मोठ्या टाकीत जाणार आहेत. तेव्हा खाद्य आणखी उतरेल, जाळी गरजेपेक्षा मोठी पडेल आणि शेवाळ पिवळं पडू लागेल. तसं दिसलं की दिवे 12 तासांवरून 9 वर आणायचे असं टायमरवर चिठ्ठी लावून ठेवलं आहे.